घाण्याचे तेल, तांब्याचा बंब आणि एकच दिवा : तुटपुंज्या साधनांत जाहिरातीचे चित्रीकरण

तिरीप (धागाकर्ता)

जिल्ह्याच्या ठिकाणी जाहिराती करणाऱ्यांची अडचण मोठ्या शहरातल्या जाहिरातसंस्थांना समजावून सांगणे कठीण असते. आमचा ग्राहक म्हणजे लाकडी घाणा चालवणारा, सराफ, मसालेवाला किंवा नव्याने निघालेले मंगल कार्यालय. जाहिरात वीस ते तीस सेकंदांची असते, ती स्थानिक केबलवर, गावातल्या चित्रपटगृहात आणि आता मुख्यतः मोबाइलवर दाखवायची असते, आणि खर्चाची रक्कम अशी असते की तीत जनरेटर व्हॅन सोडाच, दोन चांगले दिवे आणि ते हलवणारी माणसेही एका दिवसासाठी बसत नाहीत. अशा वेळी बहुतेकांची पहिली धाव नवे दिवे विकत घेण्याकडे असते. माझे म्हणणे नेमके उलट आहे आणि तेवढ्यासाठीच हा धागा काढला आहे. साधने कमी असतील तर प्रकाश वाढवण्यात पैसे घालण्याऐवजी असलेला प्रकाश अडवण्यात आणि वळवण्यात डोके घालावे, आणि जाहिरातीतली दृश्ये जागेवरचा उजेड पाहिल्याशिवाय पक्की करू नयेत.

उदाहरणादाखल लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाची जाहिरात घेऊ. घाण्याच्या शेड बहुतेक सारख्याच असतात. वर पत्रा, त्यात उजेडासाठी मधूनमधून बसवलेले फायबरचे अर्धपारदर्शक पत्रे, एका बाजूला टेंपो आत येईल एवढे मोठे दार आणि भिंतींना पांढरा किंवा फिकट निळा रंग. छतातून सगळीकडे सारखा उजेड उतरतो, भिंती तो परत फेकतात, त्यामुळे दिसते सगळे, पण उठून काहीच दिसत नाही. अशा जागेत आणखी एक दिवा लावला की सपाटपणा वाढतोच. त्याऐवजी घाण्याच्या वरचे फायबरचे पत्रे बाहेरून ताडपत्रीने झाकावेत, दाराच्या समोरच्या बाजूला, म्हणजे जिथून भिंतीचा उजेड परत येतो तिथे, काळे कापड टांगावे, आणि कॅमेरा असा लावावा की दाराचा उजेड बाजूने किंवा थोडा मागून यावा. मग उखळाच्या लाकडातले चर दिसू लागतात, फिरणाऱ्या लाटेची, म्हणजे लाकडी मुसळाची, एक कड उजळते आणि दुसरी अंधारात जाते, आणि मागे ठेवलेले पत्र्याचे डबे, कॅलेंडर व बारदाने आपोआप नजरेआड होतात. खर्च म्हणाल तर एक ताडपत्री आणि काही मीटर काळे कापड.

अशा जाहिरातीचा खरा कस लागतो तो बाटलीच्या चित्रात. तेलावर समोरून प्रकाश टाकला तर ते मातकट दिसते, कारण त्या प्रकाशाचा चमकारा काचेवरूनच परत येतो आणि तेलाचा रंग खुलत नाही. तेलाला उजेड पाठीमागून हवा. बाटलीच्याच आकाराचा, पण दोन्ही बाजूंनी थोडा अरुंद असा पांढरा जाड कागद कापून तो बाटलीमागे चार बोटे अंतरावर किंचित वर तोंड करून उभा करायचा आणि दारातून येणारे ऊन एका लहान आरशाने त्या कागदावर पाडायचे. समोरून कागद दिसत नाही, तेल मात्र आतून उजळते. चौकटीच्या अगदी बाहेर, बाटलीच्या डाव्या-उजव्या अंगाला काळ्या पुठ्ठ्याच्या उभ्या पट्ट्या ठेवल्या की काचेच्या कडा गडद रेषेने आखल्यासारख्या उठतात. एवढे झाल्यावर लक्षात येते की लेबल काळे पडले आहे, कारण मागचा उजेड त्याच्यातून येत नाही. त्यासाठी समोरून, थोडे बाजूने, पांढऱ्या पुठ्ठ्याचा परतीचा उजेड द्यायचा आणि लेबल चकचकीत असेल तर चमक नाहीशी होईपर्यंत पुठ्ठ्याचा कोन बदलत राहायचे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेरा करतो ती रंगांची जुळणी, स्वयंचलित ठेवू नये. चौकट सोनेरी रंगाने भरली की कॅमेरा तो रंग दोष समजून काढून टाकायला लागतो आणि घाण्याचा मालक विचारतो, “आमचं तेल रिफाइंडसारखं का दिसतंय?”

तेलाची धार संथ गतीत दाखवायचा मोह सगळ्यांनाच होतो. तिथे हिशेब आधी करावा. सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० शटर (म्हणजे प्रत्येक चौकटीला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड) असताना जेवढा प्रकाश लागतो, त्याच्या चौपट प्रकाश १०० चौकटी आणि १/२०० शटरला लागतो. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे तिच्यावर चालणारे अनेक स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण संथ गतीच्या चित्रात उजेड धडधडताना दिसू शकतो. एवढा प्रखर आणि अजिबात न थरथरणारा प्रकाश फुकट देणारा एकच स्रोत आपल्याजवळ आहे, तो म्हणजे सूर्य. म्हणून धारेचे दृश्य शेडमध्ये न घेता दारात, उन्हाच्या कडेला घ्यावे, मागे काळे कापड धरावे आणि ऊन धारेच्या मागून येऊ द्यावे.

आरशाने ऊन आत आणणे ही काही तडजोड नव्हे. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) गाण्याच्या दृश्यासाठी स्टुडिओत वरून उतरणारा तो प्रसिद्ध झोत दोन मोठे आरसे लावून आणला होता, एक बाहेर उन्हात आणि दुसरा आत. दिव्याचा झोत जाता जाता फाकतो, सूर्याचे किरण जवळजवळ समांतर येतात, हा फरक त्यांना पडद्यावर हवा होता. त्याआधी छायालेखक सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’साठी (१९५६) स्टुडिओत उभारलेल्या बनारसच्या घराच्या अंगणावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा प्रकाश खालून त्यावर टाकून परतवला, कारण उघड्या अंगणात आकाशाचा जो पसरट उजेड पडतो तो थेट दिव्यांनी साधला नसता. एकाने काच वापरली, एकाने कापड. आपल्या गावात दोन्ही वस्तू मिळतात.

आपापले अनुभव आणि मतभेद दोन्ही लिहावेत. कोणता कॅमेरा घ्यावा ही चर्चा कृपया दुसऱ्या धाग्यावर करावी.


जुना लाइटमन

मुंबईच्या सेटवर बरीच वर्षे काढली असल्यामुळे थोडी भर घालतो. तुम्ही ज्याला काळे कापड म्हणता त्याला आम्ही कटर म्हणतो, आणि कापड किंवा बटर पेपर ताणलेल्या चौकटीला स्किमर. कटरची एक गोष्ट नव्या मुलांना कोणी सांगत नाही. कटर दिव्याजवळ धरला तर सावलीची कड मऊ पडते आणि वस्तूजवळ धरला तर ती धारदार होते. त्यामुळे भिंतीवरचा उजेड हळूहळू विरत न्यायचा असेल तर कटर दिव्याकडे सरकवावा, आणि बाटलीवर प्रकाशाची नेमकी रेघ हवी असेल तर तो बाटलीशी आणावा. स्किमरचे गणित वेगळे आहे. तो वस्तूच्या जितका जवळ तितका उजेड मऊ, कारण वस्तूला तो तितका मोठा दिसतो. तीन बाय तीन फुटांचा स्किमर खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावला तर त्याचा मऊपणा बराचसा वाया जातो.

परतीच्या उजेडासाठी थर्माकोलचा तक्ता, एक बाजू पांढरी आणि एक काळी रंगवलेली, हे आमचे नेहमीचे हत्यार होते. २०१८ साली राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली, तेव्हापासून आमच्या भागात तरी तो तक्ता सहज मिळत नाही. सनबोर्ड (फोमचा कडक तक्ता) चालतो, उलट जास्त टिकतो. मांजरपाटही चालते, पण कोऱ्या मांजरपाटाला पिवळट झाक असते. तेलाला आणि गुळाला ती शोभते, दुधाला आणि पांढऱ्या कपड्यांना शोभत नाही.

एक मुद्दा मात्र मला पटला नाही. सूर्यावर एवढी भिस्त ठेवणाऱ्याने जून ते सप्टेंबर काय करायचे? ग्राहकाला जाहिरात गणपतीच्या आधी हवी असते आणि नेमके तेव्हा आभाळ भरलेले असते. म्हणून माझा सल्ला असा की चार किरकोळ दिवे विकत घेण्यापेक्षा दोन-तीनशे वॅटचा एकच चांगला, ५६०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या रंगाचा, एलईडी दिवा दिवसाच्या भाड्याने आणावा आणि तो खोलीत न लावता खिडकीबाहेर, लांब उभा करावा. लांब का, तर अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथा हिस्सा उरतो. दिवा माणसापासून एक मीटरवर असेल आणि माणूस अर्धा मीटर मागे सरकला तर त्याच्यावरचा प्रकाश निम्म्याहूनही कमी होतो. दिवा चार मीटरवर असेल तर त्याच अर्ध्या मीटरने जेमतेम पाचवा हिस्सा कमी होतो. ज्यांनी कधी कॅमेऱ्यासमोर काम केलेले नाही अशा दुकानदाराला खुणेवर उभे राहता येत नाही. तो हलणारच. त्याला हलायला जागा देणारा प्रकाश लावावा.


वायरमन

दिव्यांच्या चर्चेत विजेकडे कोणी पाहत नाही, म्हणून लिहितो. घरातल्या साध्या ६ अँपियरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला सुमारे १३८० वॅट एवढाच भार चालतो, १६ अँपियरच्या पॉवर सॉकेटवर सुमारे ३६८० वॅट. हजार वॅटचे दोन हॅलोजन एकाच एक्स्टेन्शन बोर्डावरून साध्या सॉकेटला लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. गुंडाळीची केबल वापरत असाल तर ती पूर्ण उलगडून जमिनीवर पसरावी, कारण गुंडाळलेली तार भाराखाली तापते आणि तिची उष्णता बाहेर पडत नाही. अर्थिंग नसलेल्या शेडमध्ये धातूच्या स्टँडवर दिवा लावू नये, आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) जवळ बाळगावा. हॅलोजनच्या तोंडाला बटर पेपर चिकटवणे हा तर सरळ आगीला आवतण देण्याचा प्रकार आहे, त्यातून घाण्याच्या शेडमध्ये सांडलेले तेल, पेंडीचा भुगा आणि बारदाने असतात.

चित्राच्या दृष्टीने उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगतो. घाण्याची मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडते आणि त्याच लाइनवरचा हॅलोजन केवळ मंद होत नाही, तर पिवळाही पडतो. संकलनात हा रंगबदल काढणे त्रासाचे असते. त्यामुळे दिवे आणि मोटर वेगवेगळ्या फेजवर घ्यावेत, किंवा आधी मोटर सुरू करून मग कॅमेरा चालू करावा. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले तर घरगुती दिव्यांची थरथर बहुतेक वेळा दिसत नाही. ज्यांना २४ चौकटींवरच काम करायचे आहे त्यांनीही शटर १/५० वरच ठेवावे, १/४८ वर नव्हे. सिनेमाच्या कॅमेऱ्यात शटर फिरत्या तबकडीच्या अंशांत मोजतात, तिथे यालाच १७२.८ अंशांचे शटर म्हणतात.


भिंगरी

मी अजून शिकते आहे आणि माझ्याजवळ फक्त मोबाइल आहे. धागाकर्त्यांनी सांगितल्याप्रमाणे तेलाची धार दारातल्या उन्हात घेतली तेव्हा धार तुकड्या-तुकड्यांची, झटके बसल्यासारखी दिसली. संथ गतीत नव्हे, साध्या गतीत. यात प्रकाशाची चूक आहे की मोबाइलची?


तिरीप

भिंगरी, दोन्हींची नाही. बहुतेक मोबाइलच्या भिंगाचे छिद्र कमीजास्त करता येत नाही. ऊन फार झाले की मोबाइलला ते सोसण्यासाठी शटरचा वेग वाढवणे हा एकच मार्ग उरतो आणि शटर १/२००० च्या घरात जाते. मग प्रत्येक चौकटीत धार थिजलेली टिपली जाते, एका चौकटीतून दुसरीत जाताना जो पुसटपणा डोळ्यांना हवा असतो तो राहत नाही. यावर उपाय म्हणजे भिंगासमोर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी करडी काच, लावणे. मोबाइलसाठी चिमट्याने बसणारे मिळतात. फिल्टर नसेल तर थेट उन्हाऐवजी उन्हाच्या कडेच्या सावलीत या आणि धारेच्या मागे पांढरा कागद उजळवा. शटर, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवू देणारे ॲप वापरा आणि ठरवल्यावर तिन्ही कुलूपबंद करा.

मोबाइलचा दुसरा त्रास असा की त्याचा सेन्सर लहान असल्यामुळे मागचे सगळे स्वच्छ दिसते, अगदी भिंतीवरच्या स्विचबोर्डासकट. ॲपमधल्या ‘पोर्ट्रेट’ सोयीने मागची बाजू पुसट करू नका, काचेच्या बाटलीच्या कडा ती सोय हमखास खाते. मागची बाजू अंधारात ढकला. त्यासाठी वस्तू भिंतीपासून जेवढी पुढे आणता येईल तेवढी आणावी, म्हणजे वस्तूवरचा उजेड भिंतीपर्यंत पोहोचत नाही.


सांगलीकर

आमच्या हळदीच्या पेठेत चित्रीकरण करणाऱ्यांसाठी सूर्याविषयी थोडे लिहितो. युरोप-अमेरिकेतली छायाचित्रणाची पुस्तके उत्तरेच्या खिडकीची फार स्तुती करतात, कारण तिकडे उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येतच नाही, येतो तो आकाशाचा शांत, एकसारखा उजेड. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो, त्यामुळे हा नियम आपल्याला अर्धे वर्षच लागू पडतो. मार्च अखेरपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, म्हणजे उत्तरेच्या खिडकीतून सकाळ-संध्याकाळ तिरके ऊन आत येते. मे ते जुलै या काळात तर आमच्याकडे भर दुपारचा सूर्यही डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो. उत्तरेची खिडकी दिवसभर भरवशाची असते ती ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत.

शून्य सावली दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो तो दिवस, आता शाळाशाळांतून साजरा होतो, पण तो चित्रीकरण करणाऱ्यांनीही वहीत लिहून ठेवावा. सांगली-कोल्हापूरकडे तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्या-मुंबईकडे मेच्या मध्याला. त्या सुमारास दुपारी उघड्यावर माणसाचा चेहरा घेऊ नये, कारण डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात आणि टोपीची सावली हनुवटीपर्यंत उतरते. याउलट डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सांगलीत मध्यान्हीचा सूर्यही दक्षिणेला जेमतेम ५० अंशांवर असतो. त्या दिवसांत दुपारीसुद्धा तिरका, आकार उठवणारा प्रकाश मिळतो आणि कामाचे तास वाढतात. ज्यांच्या हातात जाहिरातीचा महिना निवडणे आहे त्यांनी हिवाळा निवडावा.

हळदीबद्दल एक सूचना. हळदीचा पिवळा रंग इतका तीव्र असतो की एकूण उजेड बरोबर दिसत असतानाही कॅमेऱ्यात लाल रंगाची मात्रा आधीच कमाल पातळीला जाऊन थडकलेली असते आणि ढिगाचा पोत जाऊन नुसता पिवळा डाग उरतो. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाच्या पातळ्यांचा आलेख) पाहावा आणि कॅमेऱ्यात उजेड थोडा कमी घ्यावा. ढिगाजवळ माणूस उभा केला तर त्याच्या हनुवटीखाली पिवळा उजेड चढतो. काहींना तो आवडतो. मला तो कावीळ झाल्यासारखा वाटतो, म्हणून मी ढिगाच्या पुढच्या भागावर, चौकटीबाहेर, काळे कापड अंथरतो.


तांबट आळी

आमचा पिढीजात व्यवसाय तांब्या-पितळेच्या भांड्यांचा आहे. बंबाची आणि घागरीची जाहिरात करून घेतली, पण चित्रात भांड्यापेक्षा कॅमेरा, त्यामागचा मुलगा आणि खोलीतली ट्यूबलाइटच जास्त दिसत होती. मठारकामाचे (हातोडीने घडवण्याचे) ठोके, ज्यासाठी गिऱ्हाईक पैसे मोजते, ते तर सपाट झाले. फिल्टर लावून चमक घालवता येते असे त्या मुलाने सांगितले, पण काही फरक पडला नाही.


तिरीप

पोलरायझर फिल्टर काच, पाणी आणि वॉर्निश यांच्यावरची चमक कमी करतो. धातूवरून थेट परतणाऱ्या चमकेवर तो चालत नाही. धातूचे भांडे हा शेवटी आरसाच असतो, आणि आरशावर प्रकाश टाकून काही साधत नाही, आरशाला समोर काय दिसते ते ठरवावे लागते. घागरीच्या भोवती तिन्ही बाजूंनी आणि वर पांढरे कापड लावा, कापडावर बाहेरून उजेड पडू द्या आणि समोर फक्त भिंग मावेल एवढी फट ठेवा. आता घागरीला सगळीकडे पांढरेच दिसते, म्हणून ती एकसारखी उजळते, पण तिचा गोलवाही हरवतो. तो परत आणण्यासाठी कापडाच्या आतून काळ्या कागदाच्या दोन उभ्या पट्ट्या लावा. त्या पट्ट्यांचे प्रतिबिंब घागरीच्या पोटावरून वळत जाते आणि डोळ्याला आकार कळतो. पट्टी रुंद केली की भांडे जड आणि जुने वाटते, अरुंद केली की नवे आणि हलके. कॅमेरा शक्य तितका लांब ठेवून लांब पल्ल्याच्या भिंगाने घ्या, म्हणजे प्रतिबिंबात तो लहान होतो, आणि मागे उभ्या असलेल्याने काळे कपडे घालावेत.

मठारकामाला मात्र हा मऊ उजेड पुरत नाही. प्रत्येक ठोका म्हणजे एक लहानशी खोलगट वाटी असते. समोर मोठा पांढरा पडदा असेल तर तो प्रत्येक वाटीत डागासारखा पसरतो आणि शेजारचे डाग एकमेकांत मिसळतात. समोर एकच लहान, उघडा दिवा असेल तर प्रत्येक वाटीत त्याचा एकेक ठिपका उमटतो. म्हणून ठोक्यांच्या दृश्यासाठी पांढरे कापड काढून टाका, खोली अंधारी करा आणि एक साधी बॅटरी, पसरट झोताची नव्हे, बंबाच्या एका अंगाने हळूहळू दुसऱ्या अंगाकडे न्या. कॅमेरा स्टँडवर स्थिर ठेवा. बॅटरी सरकते तसे ठिपके ओळीओळीने पुढे धावतात आणि तीन सेकंदांत कारागिराच्या हाताचा सगळा हिशेब दिसतो. ट्रॉलीचे भाडे परवडत नसेल तेव्हा दिवाच फिरवावा, कारण वस्तूच्या चित्रात कॅमेरा हलला काय आणि उजेड हलला काय, पाहणाऱ्याला हालचाल मिळाल्याशी कारण. बॅटरीचे सेल ताजे असावेत आणि ती मंद करण्याची सोय वापरू नये, कारण मंद केल्यावर अनेक बॅटऱ्या थरथरू लागतात. घासूनपुसून झाल्यावर भांड्याला सुती हातमोजे घालूनच हात लावावा, नाहीतर बोटांचे ठसे ठोक्यांपेक्षा ठळक येतील.


शब्दखाण

मी जाहिरातींची संहिता लिहिते, त्यामुळे थोडा विरोध नोंदवते. दृश्ये उजेडावर सोपवली की सगळ्या जाहिराती एकसारख्या होतात. काळी पार्श्वभूमी, सोनेरी धार, संथ गती आणि शेवटी बाटली. पाच निरनिराळ्या घाण्यांच्या जाहिराती शेजारी ठेवल्या तर मालकालाही आपली कोणती ते ओळखता येणार नाही. घाण्याच्या तेलाचे वैशिष्ट्य काय, तर घाणा सावकाश फिरतो, तेल फारसे तापत नाही. हे सांगितले गेले नाही तर प्रकाश कितीही सुंदर असो, जाहिरात रिफाइंड तेलाची म्हणूनही खपेल.

दुसरा मुद्दा सचोटीचा. खाद्यपदार्थांच्या चित्रीकरणात एका पदार्थाच्या जागी दुसरा दाखवण्याची जुनी खोड आहे. जाहिरात क्षेत्राने स्वतःच्या नियमनासाठी १९८५ साली एएससीआय (भारतीय जाहिरात मानक परिषद) स्थापन केली, आणि २०२२ च्या जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. लहान व्यावसायिकाला वाटते की हे नियम मोठ्या कंपन्यांसाठी आहेत. तसे नाही.


तिरीप

शब्दखाण, तुमचा पहिला मुद्दा मी असा मांडेन: काय सांगायचे ते आधी ठरावे, कशातून दाखवायचे ते जागा पाहून ठरावे. तुमचेच उदाहरण घेतो. तेल तापत नाही हे सांगण्यासाठी माझ्या मते धारेची गरजच नाही. घाण्यातून नुकतीच निघालेली पेंड बाई उघड्या हाताने उचलते आणि मुठीत दाबते, तिच्या बोटांतून तेल झिरपते, आणि हात मागे जात नाही. एवढ्या एका दृश्यात सगळे आले. त्यासाठी दाराचा बाजूचा उजेड, मागे काळे कापड आणि बोटांवरचे तेल चमकावे म्हणून हाताच्या मागून, मनगटाच्या उंचीवर धरलेला तळहाताएवढा आरसा पुरतो. ज्या शेडचे दार असे नसेल तिथे तीच गोष्ट बाहेर, उन्हातल्या सुपात दाखवावी लागेल. गोष्ट बदलत नाही, फक्त जागा बदलते.

सचोटीबाबत मी एवढीच रेघ आखतो की जी वस्तू विकायची आहे ती खरीच असावी. थंड सरबताच्या बाटलीवर बाहेरून ग्लिसरीन-पाण्याचे थेंब फवारले तर गिऱ्हाइकाची फसवणूक होत नाही, ते थेंब त्याला कोणी विकत नाही. तेलाच्या बाटलीत रंग मिसळणे ही मात्र फसवणूक आहे. मिसळीचेही तसेच. कट खरा असावा, पण त्यावरची तर्री मागून, अगदी सपाट कोनातून आलेल्या उजेडातच चमकते, आणि वाफ दिसायला मागून उजेड व त्यामागे काळोख दोन्ही लागतात. समोरून दिवा टाकून आणि पांढऱ्या टाइलसमोर वाटी ठेवून वाफ शोधणारे शेवटी उदबत्ती आणतात. वाटीमागची टाइल काळ्या कापडाने झाकली तर त्या उदबत्तीची गरज पडत नाही.


भिंगरी

आरसा नेमका किती मोठा आणि कुठे लावायचा? मी कपाटाच्या दाराचा आरसा काढून पाहिला, पण झोत सारखा सरकत राहिला.


जुना लाइटमन

बेटा, झोत सरकणारच. सूर्य चार मिनिटांत साधारण एक अंश पुढे जातो, आणि आरशापासून दहा मीटरवर त्या एका अंशाचे सतरा-अठरा सेंटिमीटर होतात. म्हणजे बाटलीवर नेमका पाडलेला झोत दुसऱ्या टेकपर्यंत तिच्यावरून निघून जातो. आरशाजवळ एक माणूस कायम उभा ठेवावा, त्याने हालचाल अगदी थोडी करावी, कारण आरसा जेवढा फिरतो त्याच्या दुप्पट झोत फिरतो. जागा हलू नये म्हणून बाटलीच्या बाजूला, चौकटीबाहेर, खडूची एक खूण करून ठेवली तर त्याला झोत परत जागेवर आणणे सोपे जाते. दीड बाय दोन फुटांचा आरसा एका वस्तूला पुरतो, माणसाला पूर्ण उजळायचे असेल तर दाराएवढा लागतो. आरशाच्या पाठीला प्लायवूड लावून घ्यावे, आणि तो फुटला तर काचा उडू नयेत म्हणून कडांना रुंद चिकटपट्टी मारावी. दोन टेकच्या मध्ये आरशावर गोणपाट टाकावे. शेड रस्त्याच्या कडेला असेल तर मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांवर झोत जाणार नाही याची खात्री एकाने बाहेर उभे राहून करून घ्यावी, आणि मगच कॅमेरा सुरू करावा.